क्लार्क म्हणजे कोण?

सोमवार, ७ ऑक्टोबर १८६१

चुकलो! तेही आठशे माणसांसमोर.

काल प्रवचनात मी गरजलो — पहिली स्त्री पुरुषाच्या बरगडीतून घडली. डोक्यातून नाही, पायातून नाही, बरगडीतून. आणि बरगडी हृदयाजवळ असते! खांब हादरले असतील. पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी डोळे पुसले. मी खूश होऊन घरी आलो आणि दोन चॉप्स खाल्ल्या.

आज सकाळी ग्रंथालयात केझाया ट्रँटर आली. ही हातमोजे शिवते. वय चाळिशीचं. मेथडिस्ट आहे, म्हणजे आमच्या कॅथीड्रलची नव्हे, गल्लीच्या टोकाला विटांचं प्रार्थनाघर आहे तिथली. पण दर सोमवारी आणि गुरुवारी येते, हिब्रू शब्दकोशासमोर बसते आणि जुन्या मोज्यांच्या नमुन्यांच्या कागदावर तो सगळाच्या सगळा उतरवून घेते. बावीस अक्षरांपैकी बाराव्यापर्यंत पोचली आहे.

"पाद्रीसाहेब, काल मागच्या बाजूला उभी होते मी."

"मग? कसं झालं?"

"आवाज फार छान लागला."

ही बाई आवाजाची स्तुती करते तेव्हा समजावं की मजकुरात खोट आहे.

तिने शब्दकोश उघडला. आमची पुस्तकं दोनशे वर्षांपासून साखळीला बांधलेली. कपाटाखालच्या बाकावर बसायचं, समोरच्या फळीवर पुस्तक ठेवायचं, साखळी पोचेल तिथवरच वाचायचं. त्यातून हा शब्दकोश उजवीकडून उघडतो, आणि लोहाराने साखळी ठोकली ती इंग्रजी पुस्तकासारखी, म्हणजे नेमकी उलट्या पुठ्ठ्याला! वाचायला घेतलं की साखळी आडवी पानावर. डाव्या मनगटाने ती उचलून धरायची, तर कातडी सोलते. केझायाने त्यासाठी चामड्याची मनगटपट्टी शिवली आहे. दोनशे वर्षांत हे कुणा विद्वानाला सुचलं नाही.

"हा बघा तुमचा शब्द. बरगडी म्हणता ना? हाच शब्द पुढे कराराच्या कोशाला, म्हणजे देवाच्या आज्ञा ठेवायच्या त्या पेटीला, वापरलाय. कोशाच्या दोन्ही बाजूंना कड्या लावा म्हणून. आता बरगड्यांना कड्या लावतं का कोणी?"

मी पानावर वाकलो.

"बाजू, पाद्रीसाहेब. बाजू घेतली त्याची. बरगडी कसली? खाटकाचं दुकान आहे का ते?"

अकरा वर्षं हिब्रू शिकलो मी. पुढच्या रविवारी दुरुस्ती जाहीर करणार. आठशे माणसांसमोरच!

बुधवार, ९ ऑक्टोबर

ऑगस्टा म्हणते, "दुरुस्ती हळू आवाजात कर. चूक जेवढ्या जोरात केलीस तेवढ्या जोरात नको." थोरली बहीण आहे, घर तिच्या ताब्यात आहे, आणि माझं प्रत्येक प्रवचन आधी तिच्या टोस्टवर आदळतं — तेव्हा बोलायचा अधिकार आहे तिला.

गुरुवार, १० ऑक्टोबर

डीन हॅथरसेजने बोलावलं. कॅथीड्रलचा मुख्य, उंच, स्वच्छ, आणि मनाने वाईट नाही — फक्त सगळ्या दारांना कुलपं असावीत असं त्याला जन्मतःच वाटतं.

"थ्रेल, आज ग्रंथालयात एक बाई बसली होती."

"वाचक आहे."

"कसली वाचक? मोजे शिवते म्हणे."

"दोन्ही जमतं तिला. मला फक्त एक जमतं."

तो हसला नाही. त्याने दानपत्र पुढे सरकवलं. १६७१ साली डॉ. गिडियन फॅरो यांनी आपली पुस्तकं या कॅथीड्रलला दिली ती एका अटीवर: "या शहरातील सर्व क्लार्कांसाठी हे कपाट सदैव खुले असावे."

"क्लार्क म्हणजे पाद्री," डीन म्हणाला. "तुम्ही गेली दहा वर्षं चांभार, सुतार, मोजेवाल्या आत घेताय. हे दात्याच्या इच्छेविरुद्ध आहे."

"आज क्लार्क म्हणजे पेढीवर पत्रं लिहिणारा माणूस!"

"आजचा अर्थ राहू द्या. १६७१चा अर्थ बघू. त्यावरचं सगळ्यात विद्वान लिखाण माझ्याकडे आहे."

त्याने खण उघडला. चाळीस पानांची पुस्तिका. १८३८. लेखक — ॲम्ब्रोझ थ्रेल!

माझी. मी सव्वीस वर्षांचा असताना लिहिलेली. क्लार्क म्हणजे दीक्षा घेतलेला पाद्री, दुसरा कोणीही नाही — अकरा पुराव्यांसह.

"तुमच्यापेक्षा मोठा अधिकारी मला सापडला नाही," डीन म्हणाला. आता मात्र हसला.

कॅथीड्रलचं सात जणांचं मंडळ २९ तारखेला ठरवणार. डीनच्या बाजूने लागलं तर नोव्हेंबरपासून बाहेरच्यांना दार बंद. आणि केझाया अजून बाराव्या अक्षरावर!

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

रात्रभर — नाही, खोटं कशाला लिहू, रात्री छान झोपलो. सकाळी स्वतःची पुस्तिका वाचली. काय गाढव होतो! पण लिहायचो किती सुरेख! अकरा पुरावे, एकातही फट नाही. याच पुस्तिकेमुळे ग्रंथालयाची किल्ली हातात पडली, हे विसरून चालणार नाही.

मग किल्ली मिळाली आणि बारा-तेरा वर्षं मी त्या खोलीत एकटाच बसलो. पुस्तकांना बुरशी आली. एका हिवाळ्यात मोजेवाल्यांच्या वस्तीत वाचायला शिकवायला गेलो. पन्नाशीचा एक कातडी कमावणारा पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचून मोठ्याने हसला, हसतच राहिला. घरी परतताना त्या कुलूपबंद खोलीची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दार उघडलं. एवढीच माझी मतबदलाची कथा.

पण मंडळासमोर लाजेचा पुरावा चालत नाही. कागद लागतो.

रविवार, १३ ऑक्टोबर

दुरुस्ती केली. हळू आवाजात सुरू केली. शेवटी खांब हादरलेच. डीनचा चेहरा पाहण्यासारखा होता.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

सापडलं! निदान धागा तरी.

जुन्या कायद्याचे ग्रंथ चाळत होतो. आपल्याकडे चौतीस वर्षांपूर्वीपर्यंत एक सवलत होती — पाद्री गुन्हेगार असला तरी पहिल्या गुन्ह्याला फाशी नाही. पाद्री कोण हे ओळखायचं कसं? वाचता येतं तो! फॅरोच्या काळी कोर्टात माणसासमोर स्तोत्राची एक ओळ धरायचे. बिशपचा माणूस शेजारी उभा असायचा. न्यायाधीश विचारायचा, "क्लार्कासारखा वाचतो काय?" बिशपचा माणूस म्हणायचा, "वाचतो." अंगठ्यावर डाग देऊन सोडून द्यायचे. तो वाचला, म्हणून वाचला!

म्हणजे मेंढीचोर असो, चांभार असो, अक्षर लागलं की कायद्याच्या लेखी क्लार्क. हे शब्द वकिलांचे; फॅरोही ते तसे वापरायचा का, हे दाखवायला हवं.

केझायाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मला आत यायला आधी मेंढी चोरायला हवी?"

रविवार, २० ऑक्टोबर

आजचं प्रवचन वाचण्यावर. म्हणालो — ज्या देशात एका ओळीने माणसाची मान दोरीतून सुटत होती, त्या देशात आज आपण पुस्तकाला कुलूप लावणार? साखळी पुस्तकाच्या पायात घालतात ते पुस्तक पळून जाऊ नये म्हणून; वाचणारा पळून जावा म्हणून नव्हे!

बाहेर पडताना डीन म्हणाला, "थ्रेल, दगडांना ऐकू येतं. ओरडायची गरज नसते." मी म्हणालो, "दगडांना मत नसतं. मंडळाला आहे."

त्यातल्या तिघांचं मत माझ्या बाजूने दिसतंय. चौथा हवा.

बुधवार, २३ ऑक्टोबर

आधी आनंदाचं लिहितो.

ग्रंथालयात फॅरोच्या जुन्या कागदांची पेटी आहे, तिच्या तळाशी त्याची स्वतःची टिपणवही. आणि काय निघावं? बिशपचा तो माणूस, कोर्टात शेजारी उभा राहून "वाचतो" म्हणणारा — तो खुद्द फॅरोच! सोळा वर्षं त्याने ते काम केलं. पानामागून पान, त्याच्या बारीक अक्षरात:

"नथॅनिएल हुक, मेंढीचोर. वाचतो. क्लार्क."
"ऑबडाया पेल, चांभार, दारूत मारामारी, माणूस मेला. अडखळत वाचतो. क्लार्क."

अडखळत! तरी क्लार्क! एकूण त्रेचाळीस. ज्या माणसाने दानपत्रात "सर्व क्लार्क" लिहिलं, त्याच हाताने हे लिहिलं. याहून मोठा पुरावा असूच शकत नाही.

आता दुसरं. पहिल्याच पानाच्या समासात पेन्सिलीने एक शब्द आहे. फिकट, पण स्पष्ट. "वगळा." खाली साल — १८३८.

त्या साली ती पेटी उघडली होती ती एकाच कामासाठी. माझ्या पुस्तिकेसाठी. आणि ते अक्षर — तो वळणदार 'व'. आमच्या वडिलांनी गिरवून घेतलेला.

मी हे पाहिलं होतं. पाहिलं, आणि वगळलं!

गुरुवार, २४ ऑक्टोबर

आठवत नाही. शपथेवर सांगतो, आठवत नाही. वही आठवत नाही, नावं आठवत नाहीत. पण माणसाला स्वतःची लबाडी नेमकी विसरता येते, हे मी प्रवचनात किमान चाळीस वेळा सांगितलं आहे.

नाश्त्याचा पावाचा मऊ तुकडा रुमालात बांधून ग्रंथालयात गेलो. पावाने पेन्सिल छान निघते. शब्द गेला की वही निर्मळ, मी निर्मळ, केझायाला दार उघडं. कोणाचं काय बिघडलं?

पाव पानावर धरला. फॅरो समोरून बघतोय असं वाटलं. अडखळत वाचणाऱ्या चांभारालासुद्धा क्लार्क म्हणणारा माणूस — काही दडवत नव्हता तो.

पाव खाऊन टाकला.

सोमवार, २८ ऑक्टोबर

केझायाचं चौदावं अक्षर पुरं झालं. "आठ राहिली," म्हणाली. "दार बंद झालं तर शेवटच्या आठ अक्षरांनी सुरू होणारं काहीच मला कळणार नाही. शांती कळणार नाही, सत्य कळेल." सत्य पहिल्या अक्षरावर आहे, शांती एकविसाव्या.

तिला काही सांगितलं नाही. ऑगस्टालाही नाही.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

झालं.

आधी वही वाचली. त्रेचाळीस नावं, एकही न गाळता. मेंढीचोर ऐकून मंडळातला म्हातारा पाद्री, प्रीबेंडरी विंटल, इतका हसला की त्याची कवळी सुटली. मग मी म्हणालो, "सज्जनहो, समासात एक शब्द आहे, तोही वाचतो." वाचला. साल वाचलं. "हे अक्षर माझं आहे. हा पुरावा मी सव्वीस वर्षांचा असताना पाहिला, आणि माझ्या पुस्तिकेच्या आड येतो म्हणून दडवला. ती पुस्तिका खोटी आहे. डीनसाहेबांनी ती माझ्याविरुद्ध वापरू नये, म्हणून नव्हे — ती खोटीच आहे म्हणून."

विंटलने कवळी परत बसवली.

डीन हळूच म्हणाला, "थ्रेल, हे तुम्ही बोलला नसता तरी चाललं असतं." खरंच हळहळला. मग म्हणाला, "पण बोललात. तेव्हा किल्ल्या टेबलावर ठेवा." ठेवल्या. तेवीस वर्षांच्या किल्ल्या. खिसा एकदम हलका झाला, कोट एका बाजूला उडायला लागला.

मतदान चार विरुद्ध तीन. वाचता येणाऱ्या प्रत्येकाला दार उघडं! विंटल चौथा. मेंढीचोराने जिंकलं!

आणि तेवढ्यात डीन उठला. "एक शंका. या त्रेचाळिसांत एक तरी बाई आहे का?"

नाही.

"गेल्या दोनशे वर्षांत त्या बाकावर बसून एखाद्या बाईने वाचल्याची प्रथा आहे का?"

मी म्हणालो, "मिसेस ट्रँटर दोन वर्षं वाचते आहे."

"ती तुमच्या परवानगीने. आणि तुमच्या परवानगीचं आता काय वजन, ते तुम्हीच सांगितलंत. तुमच्या काळाआधीचं एक उदाहरण दाखवा. एक. पुढच्या मंगळवारपर्यंत."

घरी आलो, ऑगस्टाला सगळं सांगितलं. "वगळा" या शब्दावर तिच्या हातून किटलीतला चहा बशीत ओतला गेला. कपात नव्हे, बशीत.

बुधवार, ३० ऑक्टोबर

केझाया स्वयंपाकघराच्या दाराने आली. ऑगस्टाने तिला खुर्ची दिली. मी निकाल सांगितला — वाचणारे पुरुष सगळे आत, ती बाहेर.

ती बराच वेळ मनगटपट्टीचं बटण काढत-लावत बसली. मग म्हणाली, "माझा नवरा, जेकब, येऊ शकेल तर."

"जेकबला वाचता येतं?"

"नाही. पण पुरुष आहे. निम्मी अट तर पुरी होते."

मी हसलो नाही. तिनेच मग मला हसवलं. "तोंड पाडू नका, पाद्रीसाहेब. तुम्ही किल्ल्या गमावल्या, मी आठ अक्षरं गमावली. तुमच्यापेक्षा माझ्याकडे जास्त उरलंय."

जाताना तिने कागदांचा गठ्ठा ऑगस्टाला दाखवला. मोज्यांच्या नमुन्यांवर, अंगठ्याच्या आकाराभोवती, करंगळीच्या टोकापर्यंत उतरवलेले शब्द. ऑगस्टा फार वेळ पाहत होती. "मनगट दुखतं का गं अजून?" एवढंच विचारलं.

"पट्टी केल्यापासून नाही, बाईसाहेब."

"बरं केलंस," ऑगस्टा म्हणाली. स्वतःचं डावं मनगट चोळत होती. संधिवात असणार, ओल फार आहे.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

माझ्याआधीच्या ग्रंथपालांच्या वह्या विंटलने आणून दिल्या. एकशे सत्तर वर्षं. बाई नाही. एकदा मांजर आहे.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

ऑगस्टाने तीन दिवसांत एकही टोमणा मारलेला नाही. डॉक्टर बोलवावा का?

शनिवार, २ नोव्हेंबर

नाश्त्याला ऑगस्टा म्हणाली, "ते अक्षर तुझं नाही. माझं आहे."

मी लोणी लावत राहिलो.

"अडतीस सालचा उन्हाळा. डोळे आले होते तुझे. दोन महिने पट्टी बांधून पडला होतास, आणि तिथून हुकूम सोडत होतास. वाचत कोण होतं? मी. रोज सकाळी, त्या बाकावर. जुना ग्रंथपाल बहिरा आणि कनवाळू होता. दार उघडून द्यायचा आणि वहीत लिहायचा नाही. तुझे अकराही पुरावे मी शोधले. बारावा तुझ्याविरुद्ध निघाला. तुला ती किल्ली इतकी हवी होती, ॲम्ब्रोझ! मी वगळला. तुला सांगितलंच नाही."

मला तर स्वतः वाचल्याचं आठवतं. खिडकीतून पुस्तकावर पडलेलं ऊन आठवतं! ते तिनेच येऊन सांगितलेलं ऊन.

मी कोट घ्यायला उठलो. तिने आधीच बॉनेट टोपीची नाडी बांधली होती.

"तू बस," म्हणाली. "डीनला तुझ्याआधी वाचलेली बाई हवीय."